मुलांचे वर्तनविकार : लखनौच्या घटनेने मागे ठेवलेला प्रश्न

जून २०२२ च्या पहिल्या आठवड्यात लखनौ येथे घडलेल्या एका घटनेने देशभरातील पालक हादरले. सोळा वर्षांच्या मुलाने वडिलांच्या परवानाधारक पिस्तुलाने आईची हत्या केली आणि मृतदेह दोन-तीन दिवस घरातच ठेवला, असे पोलिसांनी सांगितले. दहा वर्षांची बहीणही त्या घरात होती. वडील सैन्यात असून त्यांची नेमणूक पश्चिम बंगालमध्ये होती. मोबाईलवर पबजी खेळण्यास आईने मनाई केल्याचा राग, हे कारण पोलिसांनी प्रथम पुढे केले आणि बहुतेक वृत्तपत्रांचे मथळे त्याच कारणावर बेतले गेले.

या मुलाच्या मनात काय होते, याचा निवाडा बातम्यांच्या आधारे करणे योग्य नाही. अल्पवयीन आरोपीची ओळख उघड करण्यास कायद्यानेही मनाई आहे. परंतु एका खेळाला आरोपी ठरवून समाजाने जी सुटका करून घेतली, तिची तपासणी आवश्यक आहे. पबजी मोबाईलवर केंद्र सरकारने सप्टेंबर २०२० मध्येच बंदी घातली होती. त्याची भारतीय आवृत्ती जुलै २०२१ मध्ये आली, जुलै २०२२ मध्ये रोखली गेली आणि मे २०२३ मध्ये परतली. बंदी आली आणि उठली. घरोघरच्या मुलांचा संताप, हट्ट आणि हिंसा यांचा प्रश्न मात्र होता तेथेच राहिला.

निदान म्हणजे ठपका नव्हे

प्रत्येक हट्टी मूल आजारी नसते. दोन-तीन वर्षांच्या मुलाने जमिनीवर लोळण घेणे किंवा चौदाव्या वर्षी वडिलांना उलट उत्तर देणे, हा वाढीचाच भाग होय. वर्तन किती तीव्र आहे, किती काळ टिकले आहे आणि त्यामुळे मुलाचे शिक्षण, मैत्री व घर किती विस्कळीत झाले आहे, या तीन कसोट्यांवर विकाराचे निदान होते.

सतत चिडणे, मोठ्यांशी वाद घालणे, मुद्दाम आज्ञा मोडणे आणि मनात डूख धरणे ही लक्षणे किमान सहा महिने टिकली, तर मानसोपचारतज्ज्ञ विरोधी वर्तनाच्या विकाराचा विचार करतात. इतरांना मारहाण, प्राण्यांशी क्रूरपणा, चोरी, आग लावणे, घरातून पळून जाणे असे प्रकार वर्षभरात वारंवार घडू लागले, तर तो अधिक गंभीर असा आचरणविकार ठरू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात खेळाच्या व्यसनाचाही समावेश आहे. मात्र त्यासाठी खेळावरील ताबा सुटणे, इतर सर्व गोष्टी मागे पडणे आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणे, अशी अवस्था साधारणपणे वर्षभर दिसावी लागते. सुटीत चार तास खेळणाऱ्या मुलाला व्यसनी म्हणता येत नाही.

वरवर उद्धटपणा दिसतो, पण मुळाशी वेगळेच दुखणे असते, असेही अनेकदा आढळते. अक्षरे न उमगणारा मुलगा वाचनाची पाळी आली की वर्गात दंगा करतो. कारण ‘ढ’ ठरण्यापेक्षा ‘द्वाड’ ठरणे त्याला सुसह्य वाटते. कुमारवयातील नैराश्य पुष्कळदा रडण्यातून नव्हे, तर चिडचिडीतून व्यक्त होते. अतिचंचलता, भीती, घरातील मारहाण किंवा लैंगिक अत्याचार यांची छायाही वर्तनावर पडते. म्हणूनच ‘मूल वाईट आहे’ या वाक्यापाशी तपास थांबला, तर खरा आजार हाती लागत नाही.

हट्टाचे चक्र

असे वर्तन घरात कसे रुजते, याचे एक नेमके स्पष्टीकरण अमेरिकेतील ओरेगॉन येथे जेराल्ड पॅटर्सन या मानसशास्त्रज्ञांनी अनेक वर्षांच्या निरीक्षणातून मांडले. आई मुलाला मोबाईल ठेवायला सांगते. मूल आरडाओरडा करते. थकलेली आई माघार घेते. ओरडले की काम होते, हा धडा मूल शिकते. दुसऱ्या दिवशी आई थप्पड मारते आणि मूल गप्प बसते. मारले की काम होते, हा धडा आई शिकते. दोघांचेही शिक्षण चालूच राहते आणि प्रत्येक फेरीत आवाज, शब्द व हात यांची पट्टी वर चढते. यात कोणी खलनायक नसतो. दोघेही त्या क्षणापुरती सुटका शोधत असतात.

घरात एकच पालक असेल, तर हे ओझे त्याच्या एकट्याच्या खांद्यावर येते. लखनौसारख्या छावणीच्या शहरातील कुटुंबांना हा अनुभव आहे. साताऱ्यातील अपशिंगे मिलिटरीसारख्या गावांनाही तो नवा नाही. वडील सीमेवर, आई घरी आणि वाढत्या मुलाशी होणारा प्रत्येक संघर्ष तिच्या वाट्याला. असे असूनही या घरांतील बहुसंख्य मुले उत्तम वाढतात, हेही नोंदवले पाहिजे. वडिलांची अनुपस्थिती हा आजार नव्हे. आईला आधार नसणे ही मात्र जोखीम आहे.

उपचार कोणावर?

वर्तनविकारांच्या उपचारातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट पालकांना अनपेक्षित वाटते. लहान वयात उपचाराची सुरुवात मुलापासून नव्हे, तर पालकांपासून होते. ब्रिटनच्या आरोग्यसेवेसाठी २०१३ मध्ये तयार झालेल्या मार्गदर्शक सूचनांत तीन ते अकरा वर्षांच्या मुलांसाठी पालक-प्रशिक्षणाची शिफारस आहे. त्यापुढील वयात, विकार गंभीर असल्यास, घर, शाळा, मित्रमंडळी अशा सर्व आघाड्यांवर एकाच वेळी काम करण्यास त्यांत सांगितले आहे.

या प्रशिक्षणात गूढ असे काही नसते. रोज काही मिनिटे मुलाच्या मर्जीने त्याच्यासोबत खेळणे, चांगल्या वर्तनाची तत्काळ दखल घेणे, एका वेळी एकच स्पष्ट सूचना देणे, किरकोळ कुरकुरीकडे दुर्लक्ष करणे आणि नियम मोडल्यास आधी ठरलेला लहानसा परिणाम न ओरडता अमलात आणणे, हे पालकांना सरावाने शिकवले जाते. पालक माघार घेणे थांबवतात, तेव्हा मुलाचा हट्ट प्रथम काही काळ वाढतो. उपचार फसला असे समजून अनेक कुटुंबे नेमक्या याच टप्प्यावर तो सोडून देतात.

औषधांना मर्यादित स्थान आहे. अतिचंचलतेचा विकार असल्यास त्यावरील औषधे उपयुक्त ठरतात. अत्यंत तीव्र आक्रमकतेत तज्ज्ञांच्या देखरेखीखाली थोड्या काळापुरते औषध दिले जाते. मात्र आज्ञाधारकपणाची गोळी अस्तित्वात नाही.

धाक दाखवण्याच्या उपायांविषयीचा अनुभव आणखी बोलका आहे. अमेरिकेत वाट चुकलेल्या मुलांना तुरुंग दाखवून घाबरवण्याचे कार्यक्रम गाजले होते. पुढे झालेल्या तुलनात्मक अभ्यासांतून असे दिसले की, त्यांत सहभागी झालेल्या मुलांकडून नंतर अधिक गुन्हे घडले. भारतात शिक्षण हक्क कायद्याने २०१० पासून शाळेतील शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला बंदी आहे. तरीही ‘छडी लागे छमछम’ ही समजूत अनेक घरांतून अद्याप गेलेली नाही.

आकडे आणि कायदा

या प्रश्नाची जाणीव लखनौला २०२२ मध्ये प्रथमच झाली, असे नाही. मेथॉडिस्ट धर्मोपदेशक ई. स्टॅन्ले जोन्स यांनी १९५० मध्ये स्थापन केलेले नूर मंझिल हे मानसोपचार केंद्र याच शहरात आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने मुलांच्या मानसिक विकारांची पाहणी हाती घेतली, तेव्हा बंगळूरसोबत लखनौचीही निवड झाली होती. सोळा वर्षांपर्यंतच्या मुलांपैकी सुमारे १२ टक्के मुलांमध्ये काही ना काही मानसिक विकार आढळला. त्यानंतर २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातील हे प्रमाण ७.३ टक्के दिसले. महानगरांत ते १३.५ टक्के होते. वयोगट आणि पद्धती वेगळ्या असल्याने या आकड्यांची थेट तुलना करता येत नाही. परंतु साठ मुलांच्या वर्गात चार-पाच मुलांना मदतीची गरज असू शकते, एवढे त्यांतून निश्चित दिसते.

मदत वेळेवर पोहोचली नाही, तर प्रश्न दवाखान्यातून न्यायालयात जातो. २०१५ च्या बालन्याय कायद्यानुसार १६ ते १८ वर्षांच्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्याचा आरोप असल्यास, खटला प्रौढाप्रमाणे चालवावा का, हे ठरवण्यासाठी बालन्याय मंडळ प्राथमिक मूल्यमापन करते. लखनौच्या घटनेनंतर महिनाभरातच, जुलै २०२२ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने हरियाणातील एका प्रकरणात हे काम नाजूक असल्याचे बजावले. मंडळात बालमानसशास्त्राचा किंवा मानसोपचाराचा जाणकार नसेल, तर अशा तज्ज्ञांचे साह्य घेणे बंधनकारक राहील, असेही न्यायालयाने स्पष्ट केले. मुलाला समजून घेणारा तज्ज्ञ गुन्ह्यानंतर अनिवार्य ठरतो. गुन्ह्यापूर्वी, शाळेच्या पायरीवर तो का नसावा, हा प्रश्न त्यातून उरतोच.

आज काय करता येईल?

राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ पासून सुरू असून त्याअंतर्गत शासकीय रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी समुपदेशनाची सोय आहे. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक पालकांसाठीही आहे. घरात शस्त्र असल्यास ते व त्याच्या गोळ्या स्वतंत्र कुलपात ठेवणे, ही साधी दक्षताही जीव वाचवू शकते.

सर्वांत मोठा अडथळा लाजेचा आहे. ताप आल्यावर मुलाला दवाखान्यात नेणारे आईवडील त्याच्या संतापासाठी मदत मागताना कचरतात. कारण त्यात स्वतःच्या संगोपनाची नालस्ती होईल, असे त्यांना वाटते. वर्तनविकार हा जसा मुलाच्या स्वभावाचा दोष नाही, तसा तो आईच्या मायेतील उणेपणाही नाही. लखनौच्या त्या घरापर्यंत आता कोणतीही मदत मागे जाऊन पोहोचू शकत नाही. ज्या घरांत आज केवळ दारे आपटली जात आहेत, तेथे मात्र अजून वेळ आहे.