मुतू आला, पुणे एफसी गेला

२०१५ मध्ये एफसी पुणे सिटीने एड्रियन मुतूला करारबद्ध केले, तेव्हा कोरेगाव भीमा-सणसवाडी पट्ट्यातल्या आमच्यासारख्या फुटबॉलवेड्यांना आनंदापेक्षा चीडच जास्त आली. मुतूच्या पायातली कला वादातीत. रुमानियासाठी ३५ गोल करून तो त्यांच्याच महान फुटबॉलपटू हाजीच्या पंक्तीला बसला. पण २००४ मध्ये कोकेनच्या चाचणीत सापडल्यावर चेल्सीने त्याला काढून टाकले आणि पुढे सुमारे १.७ कोटी युरोंची भरपाई त्याच्यावर बसली. २०१० मध्ये फिओरेन्टिनात असताना दुसऱ्यांदा बंदी आली. शिक्षा भोगलेल्या माणसाला पुन्हा खेळू द्यावे, यात दुमत नाही. आमचा राग क्लबवर आहे. छत्तिशीतला खेळाडू आणला, तो केवळ नावासाठी.

त्याच वर्षी शहराचा दुसरा क्लब, पुणे एफसी, मिटला. २०१२-१३ च्या आय-लीगचा उपविजेता, स्वतःची अकादमी चालवून पोरे घडवणारा क्लब! अकादमी तेवढी पुणे सिटीकडे गेली.

मुतू एक हंगाम खेळून परतला, संघ आठांत सातवा आला. २०१९ मध्ये पुणे सिटीही गुंडाळला गेला आणि त्याची जागा हैदराबादला मिळाली. पहिली पाळी संपवून, कंपनीचा शर्ट न बदलता, वाघोलीच्या कोंडीतून बालेवाडी गाठणाऱ्या पोरांना कोणी विचारलेसुद्धा नाही. पुण्यात पुन्हा संघ काढू पाहणाऱ्यांनी आधी शिरूर-दौंडच्या शाळांना प्रशिक्षक द्यावेत, परदेशी नावांचे नंतर पाहू.