वाचनाची दुसरी पायरी

धडा संपला म्हणजे गुरुजी प्रश्न विचारतात व विद्यार्थी उत्तरें देतात. परंतु तीं उत्तरें पुष्कळदां विद्यार्थ्यांचीं नसतात, गाईडांतलीं असतात. "लेखकानें आईचें प्रेम हृदयस्पर्शी शब्दांत वर्णिलें आहे" हें वाक्य ज्यानें धडा उघडलाहि नाहीं त्याला लिहितां येतें. ह्याला पोपटपंची म्हणतात. वाचन ही पहिली पायरी होय. वाचलेल्यावर चारचौघांत विचारपूर्वक बोलतां येणें ही दुसरी. आणि ती आपोआप चढतां येत नाहीं, शिकवावी लागते, असें आमचें मत आहे.

मुंबईस ही गोष्ट नवी नाहीं. १८४८ सालीं एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधील विद्यार्थ्यांनीं प्रोफेसर पॅटन यांच्या प्रोत्साहनानें 'स्टूडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी' स्थापन केली. एकानें निबंध वाचावा व इतरांनीं त्यावर चर्चा करावी, असा तिचा क्रम होता. तिच्या मराठी शाखेचे, म्हणजे ज्ञानप्रसारक सभेचे, अध्यक्ष व्याकरणकार दादोबा पांडुरंग होते. ह्या मंडळींत स्त्रीशिक्षणाच्या प्रश्नाचा ऊहापोह झाला, आणि १८४९ सालीं सभासदांनीं मुलींच्या शाळा काढल्या. आरंभीं दादाभाई नवरोजींसारखे तरुण तेथें स्वतः विनावेतन शिकवीत. चर्चा पोकळ असती तर टाळ्या वाजवून मंडळी घरोघर गेली असती. निबंधांतील प्रश्न त्यांनीं आपला मानला, म्हणून त्यांतून शाळा उभ्या राहिल्या.

कोणी म्हणतील, मुलांस बोलूं दिलें तर वर्गाचा बाजार होईल. विचारलेला प्रश्न पोकळ असेल तर होईलच. साने गुरुजींची 'श्यामची आई' घ्या. पोहावयास भिऊन लपून बसलेल्या श्यामला आई शिंपटीनें मारून विहिरीवर नेते. "हा प्रसंग आवडला काय?" असें विचारलें, तर 'हो' म्हटल्यानें काम भागतें. पण "आईला कशाची अधिक भीति वाटत होती, पाण्याची कीं मुलाच्या भित्रेपणाची? हें कशावरून म्हणतां? मारण्यावांचून दुसरा मार्ग नव्हता काय?" असें विचारून पाहा. एक म्हणेल, कठोरपणा आवश्यक होता. दुसरा म्हणेल, माराच्या धाकानें आलेलें धैर्य खरें नव्हे. तिसऱ्याच्या लक्षांत येईल कीं, ही हकीकत मोठा झालेला श्याम कृतज्ञतेनें सांगत आहे; लहान श्यामनें ती निराळी सांगितली असती. तिघांनाहि पुस्तक पुन्हा उघडावें लागेल, आणि तेंच आपणांस हवें आहे.

यासाठीं नियम थोडे पुरेत. आपलें म्हणणें पुस्तकांतील जागा दाखवून मांडावें. दुसऱ्याचें खंडन करण्यापूर्वीं त्याचें मत त्याला मान्य होईल अशा शब्दांत सांगावें. पटलें तर आपलें मत बदलावें. त्यांत कमीपणा नाहीं. प्रथम सर्वांस दोन ओळी लिहावयास सांगाव्या, म्हणजे लाजाळू मुलांजवळहि बोलण्यास कांहीं असेल. शिक्षकांनीं आपलें मत शेवटीं द्यावें. तें आधीं आलें कीं सारा वर्ग मान डोलावतो.

सुज्ञ पालकांसहि एक विनंति आहे. "किती गुण मिळाले?" हा प्रश्न आपण विचारतांच, त्याच्या जोडीला "धड्यांतील कोणाचें वागणें तुला पटलें नाहीं, आणि कां?" एवढें विचारावें. त्यासाठीं मोठी विद्या नको. लालबागच्या चाळींतील जी माउली फारशी शिकलेली नाहीं, तिनें असें विचारलें तर मुलाला सारी गोष्ट तिच्यासाठीं नीट सांगावी लागेल. आणि सांगतां सांगतां ती त्यालाच अधिक कळेल.

आज प्रत्येकाच्या हातांतील मोबाईलवर खरें आणि खोटें एकाच वेषांत येतें. धड्याला "कशावरून?" असें विचारावयास जो शिकला नाहीं, तो त्या मजकुराला कसें विचारणार? तो आलेलें तसेंच पुढें पाठवील. परीक्षेंतील उत्तर निकालाबरोबर विसरलें जातें. विचारण्याची संवय मात्र जन्मभर पुरते. म्हणून विद्यार्थी मित्रहो, हा अंक वाचून झाल्यावर त्यांतील एखादा लेख निवडा, आणि आपल्या मित्राशीं त्यावर बोला. हाच लेख निवडून तो तुम्हीं आधारासह खोडून काढलात, तरी आम्हांस समाधानच वाटेल.