डोंगर, गुडघे आणि हेलिकॉप्टर

डोंगर पायांनीच बघायचा, हे माझं जुनं मत. कॉलेजात असताना कळसूबाई (१६४६ मीटर!) तीनदा केलं, तेव्हापासूनचा हा माज. रोपवेने वर येणाऱ्यांना बघून आम्ही नाकं मुरडायचो. हेलिकॉप्टर राइड तर काय, परीक्षेत कॉपी केल्यासारखीच!

मग जानेवारीत आई आमच्याकडे न्यूझीलंडला आली. वय ७२, दोन्ही गुडघे कुरकुरणारे. क्राइस्टचर्चहून आर्थर्स पास ओलांडून हायवे ६ ने फ्रान्झ जोसेफ हिमनदीला निघालो. मी, बायको, लेक, आई आणि तिने पहाटे उठून केलेल्या दशम्या. वाटेत कळलं की बायकोने हेलिकॉप्टरचं बुकिंग करून टाकलंय. मी लगेच हिशोब मांडला... चौघांचे पैसे भागिले मिनिटं. बायको एवढंच म्हणाली, "तुझ्या प्रत्येक ट्रेकचा डबा आईंनी भरला. त्यांना कधी डोंगर दाखवलास?"

गप्प बसलो.

पहिल्या दिवशी ढगांमुळे उड्डाण रद्द. इथे हे नेहमीचंच. टास्मन समुद्रावरून येणारे ढग सदर्न आल्प्सला अडतात आणि किनाऱ्यावर धो धो कोसळतात, अगदी आपल्या कोकणासारखे. दुसऱ्या दिवशी उघडलं. हेलिकॉप्टरचा तोल सांभाळायला प्रत्येकाचं वजन करून मग जागा देतात. (लोड बॅलन्सिंग, दुसरं काय!) आई काट्यावर चढताना कुजबुजली, "आकडा मोठ्याने वाचू नका म्हणावं."

वर निळ्या भेगांचा बर्फ, अन् पांढऱ्या पठारावर आम्ही उतरलो. आईने कष्टाने वाकून मूठभर बर्फ उचलला. म्हणाली, "तू फोटो दाखवायचास ना, त्यात वारा कळत नाही रे."

माझ्या मताचा निकाल तिथेच लागला. डोंगर कमवावा लागतो म्हणणं सोपं असतं, गुडघे शाबूत असेपर्यंत.

पण गोष्ट इथे संपत नाही. २०१२ पर्यंत या हिमनदीवर गाइडबरोबर चालत जाता यायचं. मग बर्फ इतका मागे सरला आणि त्याचं तोंड इतकं धोक्याचं झालं, की ती वाट बंद करावी लागली. आता फ्रान्झ जोसेफच्या बर्फावर पाऊल ठेवायचं तर हेलिकॉप्टरच. म्हणजे आईचे गुडघे आणि माझे धडधाकट पाय, दोघं एकाच रांगेत! आणि ज्या धुरामुळे पृथ्वी तापतेय, तोच सोडत आपण वितळणारा बर्फ बघायला जातो. माओरी लोक या हिमनदीला हिने हुकातेरेचे अश्रू म्हणतात. तिचा प्रियकर हिमलोटात गेला, तेव्हा तिचे अश्रू गोठून ही हिमनदी झाली, अशी कथा आहे. ते अश्रू आता आपण आटवतोय.

मग जावं की नाही? माझं मत विचाराल तर, ज्यांना चालवत नाही त्यांना एकदा जरूर न्यावं, आणि पैशांचा हिशोब करत बसू नये. पण आपले पाय चालत असतील, तर "एवढं लांब आलोय तर करून टाकू" म्हणून चढू नये. या देशात चालायच्या वाटा भरपूर आहेत. त्या दिवशी मीही आईबरोबर बसलोच होतो, त्यामुळे हा उपदेश आधी मलाच.

पुढच्या वर्षी सासूबाई येतायत, त्यांचेही गुडघे तसेच. तेव्हा मी खाली थांबेन, दशम्यांचा डबा सांभाळत. असो.