गाणे सगळ्या घराचे असावे



"हे लहान मुलांचे गाणे आहे," असे म्हणून मोठी माणसे उठून जातात. मग मुले एकटीच मोबाईलवर गाणे पाहत बसतात. मला हे पटत नाही. मला वाटते, मुलांचे चांगले गाणे तेच, जे ऐकून आजी टाळी वाजवते आणि धाकटा भाऊ नाचतो.

'नाच रे मोरा' हे गाणे पाहा. ते १९५३ च्या 'देवबाप्पा' या सिनेमातले आहे. ग. दि. माडगूळकर यांनी लिहिले, पु. ल. देशपांडे यांनी चाल लावली आणि आशा भोसले यांनी म्हटले. सत्तर वर्षे होऊन गेली, तरी आमच्या घरी ते सगळ्यांना पाठ आहे.

पण सगळी गाणी सिनेमातूनच येत नाहीत. विदर्भात भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली भुलाबाईची गाणी म्हणतात. माझी आजी चिमूरकडची. लग्न होऊन आली तेव्हा ती गाणी तिच्यासोबत आली. त्यांत सासर-माहेराच्या गोष्टी असतात. आम्हाला गमतीचे शब्द ऐकून हसू येते, पण आई म्हणता म्हणता मधेच गप्प होते. शेवटी डबा वाजवून खाऊ ओळखायला सांगतात. तेव्हा बाबा आणि शेजारचे काकासुद्धा "फुटाणे! मुरमुरे!" असे ओरडतात.

आपल्या गडचिरोली जिल्ह्यात गोंड आणि माडिया लोकांचा रेला आहे. हातात हात धरून फेर धरायचा. आमच्या गावात एकजण ओळ म्हणतो आणि बाकीचे तीच ओळ म्हणतात. म्हणून गाणे आधी पाठ नसले तरी चालते. लहान पोरे टोकाला उभी राहतात आणि पाहून पाहून शिकतात.

माझी मैत्रीण घरी गोंडी बोलते. तिला खूप गाणी येतात. पण शाळेत ती कधीच म्हणत नाही. मी विचारले तर म्हणाली, "पोरं हासतात." २०११ च्या जनगणनेत गोंडी बोलणारे जवळजवळ ३० लाख लोक होते. मग हसायचे काय कारण? जे गाणे शाळेत म्हणायची लाज वाटते, ते हळूहळू घरीही बंद होते.

काहीजण म्हणतात, डीजे लावला की सगळे घर नाचते. खरे आहे. पण त्यात आपला आवाज आपल्यालाच ऐकू येत नाही. गेल्या कोजागिरीला आम्ही गाणी म्हणत होतो, तर जवळच डीजे सुरू झाला. आजी म्हणाली, "चला वो पोरींनो, आता कोन आयकते?" आम्ही उठलो. डीजे लावू नये असे मी म्हणत नाही. त्या दिवशी त्याने तासभर थांबावे.

म्हणून माझे मत असे आहे की, शनिवारच्या बालसभेत प्रत्येकाने घरचे एक गाणे म्हणावे. मराठी, गोंडी, तेलुगू, छत्तीसगडी, बंगाली, कोणतेही चालेल. आजी-आजोबांना बोलवावे. गाणे वहीत लिहून ठेवावे आणि कोणी हसू नये.

मी घरी मोजले. भुलाबाईची गाणी आजीला एकवीस येतात, आईला नऊ येतात आणि मला चार येतात. तुम्हीही आपल्या घरी मोजून पाहा.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी