नाव काय याचं?

अनोळखी माणसाशी बोलायला आपल्याला काहीतरी निमित्त लागतं. पुण्यात तर जरा जास्तच. तळजाईच्या टेकडीवर रोज समोरून येणाऱ्या माणसाला वर्षानुवर्षं फार तर मान हलवली जाते. पण त्याच माणसाच्या हातात पट्टा असू दे आणि पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला कुत्रा. दहा मिनिटांत त्याच्या घरी सोफ्यावर कोण झोपतं, इथपर्यंतची माहिती मिळते. माझ्याकडे कुत्रा नाही. अपरात्री त्याला खाली न्यायचं, पावसाळ्यात गोचिड्या काढायच्या, गावाला जाताना त्याची सोय लावायची, यातलं काही माझ्या वाट्याला नाही. माझं काम फक्त चौकशीचं.

चौकशीचेही नियम असतात. ‘चावतो का?’ असं विचारलं की मालकाचा चेहरा पडलाच. ‘केवढ्याला पडला?’ हे तर नकोच. ‘नाव काय याचं?’ ही सुरुवात उत्तम. ‘याचं’ नसून ‘हिचं’ असलं तरी बिघडत नाही, चूक दुरुस्त करतानाच गप्पा सुरू होतात. मोत्या आणि टिप्या आता मागे पडले. परदेशी जातींचे ब्रूनो आणि सिंबा होतात. रस्त्यावरून उचलून आणलेली पिल्लं मात्र फराळाच्या ताटातली नावं घेऊन मोठी होतात. आमच्या टेकडीवर एक चकली आहे, एक लाडू आहे.

मुळातच शिडशिडीत असलेला मुधोळ जातीचा कुत्रा पाळणाऱ्यांचं दुःख वेगळं. ‘खायला घालत नाही का हो?’ हे ऐकून ते विटलेले असतात. एकांनी तर मोबाइलमध्ये टपाल तिकिटाचा फोटोच ठेवला आहे. २००५ मध्ये टपाल खात्याने कुत्र्यांची चार तिकिटं काढली, त्यात मुधोळ होता. कोणी बरगड्या मोजायला लागलं की ते तिकीट दाखवतात.

लॅब्राडॉरवाले काका म्हणाले, “आंघोळ म्हटली की पलंगाखाली, आणि डबकं दिसलं की आडवा!” त्याचे पूर्वज कॅनडाच्या न्यूफाउंडलंड किनाऱ्यावर कोळ्यांबरोबर पाण्यात उतरून जाळी ओढायचे, हे मी सांगितलं. “तरीच!” काका खूश. चिखलाला एकदम घराण्याची परंपरा मिळाली.

मग तेच पुढे म्हणाले, “मुलगी जर्मनीला गेली तेव्हा याने फार मनाला लावून घेतलं. संध्याकाळी दारात बसून राहायचा. जेवणात लक्ष नाही.”

“आणि आता?”

“आता बरा आहे. रविवारी व्हिडिओ कॉल असतो ना.”

हे स्वतःविषयी सांगायला त्यांना जमलं नसतं आणि मला विचारायला. कुत्र्याविषयी मात्र दोघांना सगळं बोलता आलं. म्हणूनच या गप्पांना मी फुटकळ म्हणत नाही. कुत्रा मध्ये असला की माणसाला आपली काळजी, हट्ट, एकटेपणा त्याच्या नावावर टाकता येतो, आणि ऐकणाऱ्यालाही सांत्वनाचे शब्द शोधावे लागत नाहीत. त्याच्या मानेखाली खाजवलं की भागतं.

दिवाळीनंतर फलटणकडचे मेंढपाळ कोकणात उतरायला निघतात. वाटेत शहराबाहेरच्या एका माळावर त्यांचा वाडा बसला होता. तिथल्या एका आजोबांना मी सवयीने कुत्र्याचं नाव विचारलं.

“नाव कशाला? कुत्रं हाय,” ते म्हणाले. थोड्या वेळाने आपणहून बोलू लागले. रात्री ते कोकरांजवळच पडतं. लांडग्याचा वास आला की माणसांच्या आधी उठतं. भाकरी आधी त्याला, मग घरच्यांना.

“तुमच्याकडं कंचं हाय?” त्यांनी विचारलं.

“माझ्याकडे नाही.”

“मग रातचं राखण कोण करतं?”

सोसायटीला वॉचमन आहे, असं मी सांगितलं. रात्री आम्हीच हॉर्न वाजवून त्याला उठवतो, हे सांगायचं टाळलं.