नकाशाची रेघ कोणाच्या दारातून?

शहराचा विकास आराखडा म्हणजे रस्ते, बागा आणि नाले यांचा एक तांत्रिक हिशेब होय, असा सोयीस्कर समज आपल्या महापालिकांनी जोपासला आहे आणि सुशिक्षित नागरिकांनीही तो फारशी खळखळ न करता मान्य केला आहे. नकाशा तज्ज्ञांनी काढावा, नगरसेवकांनी त्यावर भांडावे, सरकारने हवे ते फेरफार करून त्यास मंजुरी द्यावी आणि आपण आपल्या इमारतीवर आरक्षण पडले नाही ना, एवढे पाहून स्वस्थ बसावे, अशी ही रीत आहे. परंतु नकाशावर ओढलेली प्रत्येक रेघ कोणाच्या तरी दारातून जाते. ती कोणाच्या दारातून गेली आणि कोणाचे दार चुकवून वळली, हा प्रश्न मुंबईच्या नगररचनेत कायद्याने कोणालाही विचारावा लागत नाही. आमची तक्रार आहे ती हीच.

गिरणगावाचे उदाहरण मुंबईकरांना नव्याने सांगण्याची गरज नाही. पण त्यातले मर्म अनेकांच्या ध्यानातून निसटले आहे. 1982 च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या आणि सुमारे सहाशे एकर जमिनीचे करावयाचे काय, हा प्रश्न उभा राहिला. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतील 58 व्या नियमाने त्याला स्थूलमानाने असे उत्तर दिले होते की, जमिनीचा एक तृतीयांश भाग मोकळ्या जागेसाठी पालिकेला मिळावा, एक तृतीयांश सार्वजनिक घरांसाठी म्हाडाला मिळावा आणि उरलेला मालकाने वापरावा. हे उत्तर सर्वांचे समाधान करणारे नव्हते, तरी त्यात एक न्याय होता. 2001 साली त्या नियमात दुरुस्ती झाली आणि ही वाटणी गिरणीच्या संपूर्ण आवारास लागू न राहता केवळ मोकळ्या पडलेल्या जमिनीपुरती उरली. ज्या भूखंडावर शेड्स आणि चिमण्या दाटीने उभ्या होत्या तेथे 'मोकळी' जमीन ती किती असणार? बदल थोड्या शब्दांचा होता, परिणाम शेकडो एकरांचा. मुंबई उच्च न्यायालयाने 2005 मध्ये मालकांच्या सोयीचा हा अर्थ नाकारला, तर सर्वोच्च न्यायालयाने 2006 च्या मार्चमध्ये सरकारची दुरुस्ती उचलून धरली. पुढे गिरणी कामगारांच्या आणि त्यांच्या वारसांच्या घरांसाठी दीड लाखांवर अर्ज आले आणि बहुसंख्यांच्या वाट्याला प्रतीक्षाच आली.

सर्वोच्च न्यायालयाच्या निकालावर टीका करण्याचा आमचा हेतू नाही. दुरुस्ती कायदेशीर होती की नव्हती, एवढाच प्रश्न न्यायालयापुढे होता. आम्हाला खटकते ते त्याच्या कितीतरी आधीचे. 2001 मध्ये ही दुरुस्ती करताना, तिच्यामुळे कामगार कुटुंबांना किती घरे कमी मिळतील, परळ-लालबागच्या मुलांचे मैदान किती आक्रसेल आणि हा सारा लाभ कोणाच्या पदरात पडेल, हे लिहून जनतेपुढे मांडण्याचे बंधन शासनावर नव्हते. असते तर दुरुस्ती कदाचित झालीच असती. पण ती उघड्या डोळ्यांनी झाली असती, आणि सही करणाराला आपण कशावर सही करीत आहोत हे माहीत नव्हते, असे म्हणण्याची सोय उरली नसती.

दुसरे उदाहरण माहुलचे. तानसा जलवाहिनीच्या सुरक्षिततेसाठी तिच्या दोन्ही बाजूंचा दहा-दहा मीटरचा पट्टा मोकळा करणे भाग होते, आणि लाखो लोकांच्या पाण्याचा प्रश्न असल्याने त्या निर्णयाशी कोणी भांडण्याचे कारण नाही. पण उठवलेल्या कुटुंबांनी जावयाचे कोठे? त्यांना पाठविण्यात आले तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारी. माहुल परिसरातील हवेमुळे रहिवाशांच्या आरोग्यास धोका असल्याचे राष्ट्रीय हरित लवादाने 2015 मध्येच नमूद केले होते. तरीही घरे रिकामी होती आणि माणसे घर नसलेली होती, एवढ्या अंकगणितावर त्यांची गाठ मारून देण्यात आली! अखेर 2019 च्या सप्टेंबरात उच्च न्यायालयाला सांगावे लागले की, तेथे राहण्याची सक्ती करता येणार नाही. पर्यायी घर द्या, नाही तर दरमहा पंधरा हजार रुपये भाडे आणि पंचेचाळीस हजार रुपये अनामत द्या. हा निवाडा पालिकेच्या दप्तरात एका साध्या प्रश्नाच्या रूपाने आधीच उमटावयास हवा होता. दम्याचे म्हातारे, शाळेतली मुले, चार घरची कामे करून पोट भरणाऱ्या बाया यांना येथे आणून ठेवल्यास त्यांचे काय होईल? तो विचारावयास उच्च न्यायालयाची गरज नव्हती. एका कारकुनाच्या टिपणाने भागले असते.

यावर नगररचना खात्याचे ठराविक उत्तर आहे. 1966 च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाने हरकती व सूचनांची तरतूद केलेली आहे, नियोजन समितीपुढे सुनावणीही होते. मग आणखी काय हवे? उत्तर खोटे नाही, अपुरे आहे. 2034 च्या आराखड्याचे पहिले प्रारूप 2015 च्या फेब्रुवारीत प्रसिद्ध झाले तेव्हा त्यातील चुकांवर एवढे काहूर उठले, की मुख्यमंत्र्यांनी एप्रिलमध्ये ते दुरुस्तीसाठी परत पाठविले. सुधारित प्रारूप 2016 मध्ये आले, मंजुरी 2018 मध्ये मिळाली आणि त्या वर्षीच्या 1 सप्टेंबरपासून अंमल सुरू झाला. दोन्ही वेळी हजारोंनी हरकती आल्या. लोकशाहीच्या दृष्टीने हे शुभचिन्हच होय. पण हरकत घ्यावयास नकाशा वाचता यावा लागतो, नगर भूमापन क्रमांक ठाऊक असावा लागतो, आणि कामाचा एक दिवस बुडवून सुनावणीस जाण्याची ऐपत असावी लागते. ज्यांचा वास्तुविशारद मेव्हणा आहे त्यांची हरकत पोहोचते. पदपथावर भाजी विकणारीची पोहोचत नाही. कोळीवाड्यांना आणि गावठाणांना आपल्या सीमा नकाशावर उमटाव्यात एवढ्यासाठी वर्षानुवर्षे झगडावे लागले, आणि ते तर या शहराचे मूळ रहिवासी! झोपडपट्ट्यांची गोष्ट याहून विचित्र आहे. 2011 च्या जनगणनेनुसार मुंबईची चाळीस टक्क्यांहून अधिक वस्ती तेथे राहते. पण 1995 पासून त्यांचा विचार वेगळ्या प्राधिकरणाकडे सोपविल्यामुळे, शहराच्या मुख्य नकाशाला ही माणसे जणू पाहुणी झाली आहेत.

2034 च्या आराखड्यात काहीच चांगले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. नोकरदार स्त्रियांसाठी निवासस्थाने, आधार केंद्रे, बेघरांसाठी निवारे अशी आरक्षणे त्यात आली. त्यामागे महिला संघटनांचा आणि अभ्यासकांचा चिवट पाठपुरावा होता. मात्र हे सारे कोणाच्या तरी आग्रहाने, कोणाच्या तरी सद्भावनेने झाले. उद्या दुसरा अधिकारी आला आणि त्याला ते नको वाटले, तर त्याला जाब विचारण्याचा आधार कोठे आहे?

आपल्याकडील नगररचनेचा कायदा मुळात इंग्रजांच्या पठडीतला. तेथे 1909 साली नगररचनेचा पहिला कायदा झाला आणि सहा वर्षांनी, 1915 मध्ये, मुंबई इलाख्याने त्याच वळणावर आपला केला. पुढे तिकडे त्या विचाराला एक नवा अंकुर फुटला. इकडे तो कलमी रोपाच्या अवस्थेतच राहिला. 2010 च्या समता कायद्याच्या 149 व्या कलमाने तेथील प्रत्येक सार्वजनिक संस्थेवर असे बंधन घातले की, निर्णय घेताना वंश, लिंग, वय, अपंगत्व, धर्म अशा कारणांनी मागे पडलेल्यांवर त्याचा काय परिणाम होईल याचा योग्य तो विचार तिने केलाच पाहिजे. वंशापुरते असे बंधन त्याआधीही होते, आणि ते शोभेचे नव्हते हे उत्तर लंडनमधील हॅरिंगे पालिकेला चांगलेच कळले. सेव्हन सिस्टर्स स्थानकाजवळ लॅटिन अमेरिकेतून आलेल्या दुकानदारांची एक आतबाजारपेठ होती. ती पाडून घरे व दुकाने उभारण्यास पालिकेने 2008 मध्ये परवानगी दिली. 2010 च्या जूनमध्ये अपील न्यायालयाने ती परवानगी रद्द ठरविली. इमारत उंच होती म्हणून नव्हे, वा रस्ता अरुंद होता म्हणूनही नव्हे. ज्यांची रोजी जाणार होती त्यांच्या समाजावर काय परिणाम होईल याचा विचार निर्णयापूर्वी झाल्याचे पालिकेच्या कागदपत्रांतून दिसत नव्हते, म्हणून!

या कथेचा उत्तरार्धही सांगितला पाहिजे. नाही तर परदेशी वस्तूची भलामण केल्याचा दोष आमच्यावर येईल. त्याच पालिकेने पुढे परिणामांचा अहवाल तयार केला, 2012 मध्ये परवानगी पुन्हा दिली, आणि बाजार वाचला तो व्यापाऱ्यांच्या दीर्घ लढ्यानंतर 2021 मध्ये विकासकाने अंग काढून घेतले तेव्हा. 2012 मध्येच तेथील पंतप्रधानांनी अशा मूल्यमापनांना कागदी कटकट ठरवून त्यांना रजा देण्याची भाषा केली होती. कायदा विचार करावयास भाग पाडतो. न्याय करावयास भाग पाडू शकत नाही. अहवाल लिहिणाऱ्याच्या मनात नसेल, तर ते मूल्यमापन म्हणजे वराती मागून घोडे. हे सारे मान्य करूनही आम्ही म्हणतो की, जेथे विचार करण्याचेच बंधन नाही तेथे तो झाला नाही म्हणून न्यायालयात जाण्याची वाटही बंद असते.

विलंबाचा बाऊ येथे नक्कीच केला जाईल. आधीच एक आराखडा मंजूर व्हावयास वर्षे लागतात. त्यात हे आणखी एक शेपूट कशाला? पण जमीन सक्तीने घेताना सामाजिक परिणामांचे मूल्यमापन करावे, हे तत्त्व 2013 च्या भूसंपादन कायद्याने आपण मान्य केलेलेच आहे. मुंबईत आरक्षित जमीन बहुधा पैसे मोजून घेतली जात नाही. हस्तांतरणीय विकास हक्क देऊन मिळविली जाते, आणि मग ते मूल्यमापन आपोआप टळते. संविधानाच्या बाराव्या अनुसूचीतील अठरा विषयांत नगररचना पहिली आहे, जमिनीच्या वापराचे नियमन दुसरे आहे आणि दुर्बल घटकांच्या हितसंबंधांचे रक्षण नववे आहे. एकाच यादीतील हे विषय पालिकेच्या एकाच टेबलावर एकत्र येऊ नयेत, असे घटनाकारांनी कोठे म्हटले आहे?

नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. मंजूर आराखड्यात अधिनियमाच्या 37 व्या कलमाखाली फेरबदल वारंवार होत असतात. मैदानाचे आरक्षण हलते, रस्ता वळतो, बाजाराची जागा बदलते. त्याची जी सूचना वर्तमानपत्रांत प्रसिद्ध होते, तीत क्रमांक असतो, क्षेत्रफळ असते, माणूस नसतो. त्या सूचनेबरोबर एक मराठी टिपण जोडावे. त्या जागी आज कोण राहते, कोण धंदा करते, कोण ती वाट वापरते. बदलामुळे त्यांतल्या स्त्रिया, वृद्ध, अपंग, फेरीवाले यांचे काय होणार. दुसरी कोणती जागा तपासली आणि ती का नाकारली, एवढे त्यात असावे आणि खाली जबाबदार अधिकाऱ्याची सही असावी. हे टिपण प्रभाग कार्यालयाच्या फलकावर आणि त्या वस्तीतही लागावे. आयुक्तांनी मनात आणले, तर पुढच्या सूचनेपासून हे सुरू होऊ शकते. पुढील आराखड्यासाठी जमिनीच्या वापराचे सर्वेक्षण होईल, तेव्हा त्याच्या तक्त्यात निवासी, व्यापारी, औद्योगिक या रकान्यांशेजारी आणखी एक रकाना असावा: येथे कोण.