पांढरा दात म्हणजे निरोगी दात नव्हे

मोबाईलच्या पडद्यावर शेजारी शेजारी ठेवलेली ती दोन छायाचित्रे आता सर्वांच्या परिचयाची झाली आहेत. डावीकडे पिवळसर दात, उजवीकडे शुभ्र दात आणि खाली एकच आश्वासन : अवघ्या तासाभरात नवे हास्य. लग्नसराई जवळ आली, महाविद्यालयांतून नोकरीच्या मुलाखती सुरू झाल्या, की अशा जाहिरातींना ऊत येतो. पाहणाऱ्याचे मन त्यावरून एक निष्कर्ष काढून मोकळे होते : डावीकडचा दात अस्वच्छ आणि आजारी, उजवीकडचा निरोगी. हा निष्कर्ष चुकीचा आहे. तो का चुकीचा आहे, हे समजायला दंतवैद्यकाची पदवी लागत नाही; शाळेत शिकलेला प्रकाशाचा धडा पुरतो.

दाताचा बाहेरचा थर म्हणजे एनॅमल, अर्थात दंतवल्क. वजनाच्या हिशेबात त्याचा सुमारे ९६ टक्के भाग खनिजाचा असतो आणि ते खनिज म्हणजे कॅल्शियम व फॉस्फेट यांचे हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइट. मानवी शरीरात याहून कठीण पदार्थ नाही. पण हा थर पांढऱ्या रंगाचा नसून अर्धपारदर्शक असतो. त्यातून आतला डेंटिनचा थर दिसतो आणि डेंटिन स्वभावतःच पिवळसर असते. म्हणजे निरोगी दाताला जी पिवळसर झाक दिसते, ती बहुतांशी निसर्गाची देणगी आहे. वय वाढते तसा एनॅमलचा थर झिजून पातळ होतो, डेंटिन जाड आणि गडद होते, म्हणून वृद्धांचे दात अधिक पिवळे दिसतात. त्यात स्वच्छतेचा दोष असलाच पाहिजे असे नाही.

मग पांढरेपणा येतो कुठून? त्याचे उत्तर स्वयंपाकघरात सापडते. खडीसाखरेचा खडा जवळजवळ पारदर्शक असतो. तोच कुटून पिठीसाखर केली की ती पांढरीशुभ्र दिसते. पदार्थ बदललेला नसतो. बदललेली असते ती फक्त रचना : असंख्य कण आणि त्यांच्यामध्ये हवा. साखरेतून हवेत आणि हवेतून साखरेत जाताना प्रकाश प्रत्येक पृष्ठभागावर दिशा बदलतो, सर्व बाजूंनी विखुरतो आणि डोळ्यांना पांढरा दिसतो. दाताच्या बाबतीतही असेच घडते. एनॅमलमध्ये सूक्ष्म छिद्रे निर्माण झाली, की तो भाग खडूसारखा पांढरा दिसू लागतो.

येथेच जाहिरात आणि विज्ञान यांची फारकत होते. दात किडण्याची डोळ्यांना दिसणारी पहिली खूण काळी नसते. ती पांढरी असते. तोंडातील जिवाणू साखरेपासून आम्ल तयार करतात आणि सामू, म्हणजे पीएच, साधारण ५.५ च्या खाली गेला की एनॅमलमधले खनिज विरघळू लागते. पृष्ठभाग वरून शाबूत दिसतो, पण त्याखाली छिद्रे पडतात आणि एक निस्तेज पांढरा डाग उमटतो. एनॅमलचा अपवर्तनांक सुमारे १.६२, पाण्याचा १.३३ आणि हवेचा १. दात ओला असताना छिद्रांत पाणी असते, अपवर्तनांकातील फरक कमी राहतो आणि डाग लपून जातो. दात कोरडा केला की पाण्याची जागा हवा घेते, फरक वाढतो आणि डाग उठून दिसतो. दंतवैद्य तपासताना दातावर हवेचा झोत सोडतात, त्यामागे हे कारणही असते. या टप्प्यावर उपाय झाला तर लाळेतील खनिजे आणि फ्लोराइड यांच्या साहाय्याने कीड थांबवता येते, कधी कधी मागेही फिरवता येते. एकदा खड्डा पडल्यावर ती संधी जाते. एनॅमल घडवणाऱ्या पेशी दात हिरडीतून वर येईपर्यंतच नाहीशा झालेल्या असतात. त्यामुळे गेलेले एनॅमल शरीर पुन्हा बनवत नाही.

हाच प्रकाशाचा नियम त्या दोन छायाचित्रांचेही गुपित उघड करतो. दवाखान्यात दात उजळण्याचा उपचार चालू असताना तोंड बराच वेळ उघडे राहते, ओठ बाजूला धरलेले असतात आणि दात कोरडे पडतात. कोरडा दात मुळातच अधिक पांढरा दिसतो. म्हणून खुर्चीवरून उठण्यापूर्वी काढलेल्या छायाचित्रात उपचाराचा परिणाम आणि कोरडेपणाचा परिणाम एकत्र मिसळलेले असतात. दिवस-दोन दिवसांत दात पुन्हा ओलावा शोषून घेतात आणि रंग काही अंशी मागे येतो. ग्राहकाला वाटते उपचार फसला; वास्तविक फसवे असते ते घाईने काढलेले छायाचित्र.

याचा अर्थ हा उपचार थोतांड आहे असा नाही. हायड्रोजन पेरॉक्साइड एनॅमलमधून आत झिरपते आणि रंगीत रेणूंमधील दुहेरी बंधांची साखळी तोडते. मग ते रेणू दृश्य प्रकाश पूर्वीइतका शोषत नाहीत. घरी रात्री साच्यात भरून वापरायच्या जेलमध्ये बहुधा १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइड असते आणि त्यातून सुमारे ३.५ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड मिळते. दवाखान्यातील द्रावण याच्या कितीतरी पट तीव्र असते. काही दिवस दात शिवशिवणे, हिरडी पोळणे हे त्याचे परिचित दुष्परिणाम आहेत. दातात कीड असताना, भेग असताना किंवा हिरड्या सुजलेल्या असताना हा उपचार करणे म्हणजे गळके छप्पर तसेच ठेवून भिंतींना रंग देणे. शिवाय सिमेंट भरलेले किंवा टोपी बसवलेले दात त्याने उजळत नाहीत, त्यामुळे शेजारच्या दातांशी त्यांचा रंग जुळेनासा होतो.

याउलट, ज्या उपचाराची खरोखर बहुसंख्यांना गरज आहे तो सर्वांत कमी आकर्षक आहे : दातांवरचे कीटण काढणे. त्यासाठीच्या यंत्राचे टोक सेकंदाला साधारण २५ ते ४० हजार वेळा कंप पावते. अनेक यंत्रांत हे कंपन ज्या दाबविद्युत परिणामाच्या तत्त्वावर चालते, तो परिणाम पिएर आणि झाक क्युरी या बंधूंनी १८८० मध्ये शोधला होता. अशी सफाई केल्याने दात हलू लागतात ही समजूत भारतभर रूढ आहे. प्रत्यक्षात हिरडी आणि हाड यांचा आधार आधीच गेलेला असतो. मधली पोकळी भरून कीटण तो ऱ्हास झाकत असते. कीटण निघाल्यावर झालेले नुकसान फक्त उघडे पडते. या समजुतीपायी लोक दवाखाना टाळतात आणि हिरड्यांच्या आजाराने दात गमावतात. मधुमेह आणि हिरड्यांचा आजार एकमेकांना बळावतात, ही गोष्ट मधुमेहींची संख्या एवढी मोठी असलेल्या देशात तर विसरून चालणारच नाही.

सर्वांत अधिक सावधगिरी हवी ती व्हिनियरच्या बाबतीत. दातावर चिनी मातीसारख्या पदार्थाचा पातळ पापुद्रा चिकटवण्यासाठी बहुतेकदा एनॅमलचा साधारण अर्धा मिलिमीटर थर घासून काढावा लागतो. मायकेल बुओनोकोर यांनी १९५५ मध्ये दाखवून दिले, की आम्लाने एनॅमल किंचित खरखरीत केल्यास त्यावर रेझिन घट्ट बसते. त्या शोधामुळे असंख्य तुटके दात वाचले. पण पंचविशीतल्या तरुणाने निरोगी दात केवळ रंगासाठी घासून घेतले, तर तो पापुद्रा आयुष्यात अनेकदा बदलावा लागणार, हे त्याला आधी कोणी सांगितलेले असते का? घासलेला थर परत येत नाही.

दुकानातील फळ्यांवरही असाच गोंधळ आहे. काही टूथपेस्ट निळसर रंगद्रव्याचा अतिसूक्ष्म लेप देऊन पिवळी झाक दडवतात. पांढऱ्या धोतराला नीळ देण्याचीच ही युक्ती. ती निरुपद्रवी आहे, पण तो उपचार नव्हे. कोळशाच्या भुकटीने वरचे डाग खरवडले जातात, त्यासोबत एनॅमलही झिजण्याची भीती असते. महाराष्ट्रातील मिश्री, पूर्व भारतातील गुल आणि गुजरातेतील बजर तर दात घासण्याच्या नावाखाली तंबाखूच पोटात घालतात. दंतमंजनात तंबाखू घालण्यावर भारत सरकारने १९९२ मध्ये बंदी आणली. सवय मात्र बंदीने सुटली नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीनुसार देशातील २१.४ टक्के प्रौढ धूररहित तंबाखू वापरत होते. ज्या देशात तोंडाचा कर्करोग इतका आढळतो, तेथे दाताच्या छटेपेक्षा तोंडातील न भरणारी जखम आणि पांढरा चट्टा यांकडे आधी पाहायला हवे.

आणि आता त्या मुलांचा प्रश्न, ज्यांच्या दातांचा रंग विहिरीच्या पाण्याने ठरवला. १९३७ मध्ये तत्कालीन मद्रास प्रांताच्या नेल्लूर जिल्ह्यातून भारतातील फ्लोरोसिसची पहिली शास्त्रीय नोंद झाली. दात घडत असताना, म्हणजे साधारण आठ वर्षांपर्यंतच्या वयात, फ्लोराइड प्रमाणाबाहेर पोटात गेले तर एनॅमल सच्छिद्र बनते. सौम्य आजारात दातावर पांढरे ढग दिसतात, तीव्र आजारात पुढे तपकिरी डाग आणि खळगे पडतात. तेलंगणातील नलगोंडा हे या व्यथेचे सर्वपरिचित नाव. राजस्थान, गुजरात, आंध्र प्रदेश आणि महाराष्ट्रातील चंद्रपूर व यवतमाळ हे जिल्हेही त्यातून सुटलेले नाहीत. तुरटी आणि चुना वापरून पाण्यातील फ्लोराइड कमी करण्याची 'नलगोंडा पद्धत' नागपूरच्या नीरी संस्थेने १९७० च्या दशकात विकसित केली. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅम फ्लोराइड ही स्वीकार्य मर्यादा आहे. दुसरा स्रोतच नसेल तर १.५ मिलिग्रॅम. टूथपेस्टमधून दाताच्या पृष्ठभागाला लागणारे फ्लोराइड कीड रोखते आणि पाण्यातून वर्षानुवर्षे पोटात जाणारे जादा फ्लोराइड दात व हाडे बिघडवते. मूलद्रव्य एकच, फरक मात्रेचा आणि मार्गाचा आहे.

अशा गावातील मुलगी हसताना तोंडावर हात धरते, तेव्हा तिला सौंदर्याचा हव्यास आहे असे कोण म्हणेल? तिच्यासाठी दंतसौंदर्याचे उपचार ही चैन नाही. त्यांतील एक उपचार प्रकाशशास्त्राच्या विद्यार्थ्याने मुद्दाम समजून घ्यावा असा आहे : सच्छिद्र एनॅमलमध्ये पातळ रेझिन झिरपू द्यायचे. त्याचा अपवर्तनांक सुमारे १.५२, म्हणजे एनॅमलच्या बराच जवळचा. छिद्रे भरताच प्रकाश विखुरणे कमी होते आणि सौम्य पांढरा डाग फिका पडतो किंवा दिसेनासा होतो. शहरातला तरुण दात पांढरे करण्यासाठी पैसे मोजतो आणि येथे पांढरेपणा घालवणे हाच उपचार ठरतो. पण दंतवैद्यकातील असे बाह्यरुग्ण उपचार भारतात बहुतेकांना स्वतःच्या खिशातून करावे लागतात आणि ज्या गावांत फ्लोरोसिस आहे तेथे ते परवडणारे लोक थोडे. मुख्य म्हणजे गावाचे पाणी तसेच राहिले, तर पुढच्या पिढीचे दातही तसेच घडतील.

म्हणून काही मागण्या रास्त ठरतात. दात उजळण्याच्या जाहिरातीतील नंतरचे छायाचित्र त्याच प्रकाशात आणि निदान दोन आठवड्यांनी काढलेले असावे. पेरॉक्साइडच्या तीव्रतेवर स्पष्ट मर्यादा हवी. युरोपीय संघात २०१२ पासून ०.१ टक्क्याहून अधिक आणि ६ टक्क्यांपर्यंतची उत्पादने फक्त दंतवैद्यामार्फत मिळतात आणि अठरा वर्षांखालील मुलांवर ती वापरता येत नाहीत. असा नियम समजायला आणि तपासायला सोपा असतो. राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम आणि २००८-०९ मध्ये सुरू झालेला फ्लोरोसिस प्रतिबंध कार्यक्रम यांची कामगिरी पाण्याच्या तपासण्या आणि शाळांतील दंततपासण्या यांवरून मोजली जावी. दहावीच्या एनसीईआरटी पुस्तकात सामू ५.५ खाली गेल्यावर दात किडू लागतात हे वाक्य आहेच. त्याच तासाला मुलांनी आपल्या गावच्या पाण्यातील फ्लोराइडचा आकडा फळ्यावर लिहिला, तर ते वाक्य परीक्षेनंतरही लक्षात राहील.

आणि दात उजळून घेण्याचे ज्याने ठरवलेच आहे, त्याने खुर्चीत बसण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. कीड आणि हिरड्या तपासल्या का? या उपचारात एनॅमल घासावे लागणार का? आणि दोन आठवड्यांनी रंग कसा असेल? चांगला दंतवैद्य या प्रश्नांनी रागावत नाही. जो उत्तरे देण्याचे टाळतो, त्याच्याकडे आपले एनॅमल सोपवण्याची घाई कोणी करू नये.